केबलवर ठोकलेली खुंटी

मंडळी, आज दुपारी कुडव्यात वादळ आलं, पण आमच्या गल्लीतली लाईन गेली नाही. गेल्या वर्षी तारा जमिनीखाली गेल्यात, त्यामुळे आम्ही ऐटीत होतो. रस्त्यापलीकडच्या मोहल्ल्यात फांदी पडून तार तुटली होती.

मग पाऊस साचला आणि आमचीही लाईन गेली. तिकडची तुटलेली तार समोर दिसत होती, ती लवकर जोडली. आमची केबल कुठं बिघडली, हेच कोणाला कळेना.

शेजारच्या तेजरामभाऊंची आई ऑक्सिजनच्या मशीनवर असते. भाऊ फोनवर फोन लावत होते. तेवढ्यात पलीकडून एक ताई भिजत आली. "वाट कायले पाहून राहिले? मायले आमच्या घरी आना ना!" आजीला खुर्चीसकट उचलून नेलं, मशीन सुरू झालं, तेव्हा कुठं आमच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी लाइनमननी रस्ता खोदला. केबलला भोक पडलं होतं, त्यातून पाणी शिरलेलं. उन्हाळ्यात तेजरामभाऊंच्या पोरीच्या लग्नाचा मांडव तिथंच होता.

"त्या मांडवाची खुंटी इथं मीच ठोकली होती जी," भाऊ हळूच म्हणाले.

कोणी त्यांना बोल लावला नाही. आमच्या गल्लीतला प्रत्येक मांडव रस्त्यातच पडतो.

तारा पुरल्या की वाऱ्यापासून वाचतात, हे आज पाहिलं. पण डोळ्याआड गेलेली तार आम्ही विसरूनच गेलो होतो.

पुढच्या महिन्यात गणपतीचा मांडव आहे. तुमच्या गल्लीत केबल कुठून जाते, कोणाला माहीत आहे का?