शिवून टाकलेलं प्रकरण

कमरीपेठेत मी चालवतो त्या मराठी वाचनालयात एक बाई दर शनिवारी यायच्या. साड्यांना फॉल लावायचं काम, त्यामुळे पदराला कुठला ना कुठला दोरा चिकटलेलाच. कादंबरीतल्या माणसांवर त्या शेजारणीसारख्या चिडायच्या. "काय बाई आहे ही, अण्णा!" म्हणत पुस्तक माझ्या टेबलावर आपटायच्या.

त्यांचा नवरा बरीच वर्षं कलघटगीला दुसरीबरोबर संसार करून, आजारी पडल्यावर परत आला होता. त्या त्याला वेळेवर ताट वाढायच्या, औषध द्यायच्या. बोलायच्या मात्र नाहीत. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

एकदा त्यांनी एक कादंबरी नेली. नवरा फसवतो, बायको संतापते, शेवटी माफ करते, अशी. परत आली तेव्हा शेवटचं प्रकरण कडेनं बारीक टाके घालून शिवलेलं. पुस्तकावर पेनाची रेघ दिसली तरी मी भांडतो; पण मी तोंड उघडायच्या आत त्याच कानडी-मराठी मिसळत म्हणाल्या, "साकु, अण्णा. पुरे झालं. ती माफ करायला लागली, पुढं मला वाचवेना." मी टाके तसेच ठेवले.

मागच्या महिन्यात नवरा गेला. दिवसकार्य आटोपल्यावर त्या आल्या, तेच पुस्तक मागून घेतलं आणि बाकावर बसून छोट्या कात्रीनं एकेक टाका उसवला. शेवटपर्यंत वाचलं. मग पुस्तक न आपटता माझ्यापुढं ठेवलं.

"हिचा नवरा ऐकायला होता की हो, अण्णा."