गिलाव्याचं माप

आमचे हे गिलाव्याचे गवंडी. चाळीस वर्षं उघड्या पाठीनं उन्हात भिंती केल्या आणि पाठीवरच्या काळ्या तिळाचा कॅन्सर झाला. डॉक्टरीणबाईंनी केमोची गोळी दिली, रोज अर्धीच. म्हणाल्या, "एवढ्यानं गाठ मरणार नाही. पण तुमच्या रक्तातल्या शिपायांना काही पेशी आवरून धरतात, त्या कमी होतील. मग शिपाई गाठीशी लढतील. जास्त घेतलीत तर शिपाईच मरतील."

ह्यांना अक्कल शिकवणारा अजून जन्मायचाय! "अर्ध्या गोळीनं काय होतंय? कंजूष बाई!" म्हणत माझ्या नकळत रोज चार-चार गिळल्या. आठवड्याभरात तापानं फणफणून वॉर्डात. रक्तातले शिपाई जवळजवळ संपलेले.

मी उशाशी बसले, पण कसं वाटतंय म्हणून विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मालात सिमेंट जास्त पडलं, तर गिलाव्याचं काय होतं?"

दुसऱ्याच्या हातातली थापी हिसकावून जे जन्मभर ओरडले, तेच आता भिंतीकडे तोंड करून पुटपुटले, "तडे जातात."

"गिलावा खरवडून पुन्हा करता येतो," मी म्हटलं. "नवरा कुठून आणू?"