धोंड्याचं घड्याळ

भांडगावच्या जालिंदर आप्पांना राग यायला फार काही लागायचं नाही. मात्र तो उगाच कधी आला नाही, असं निदान आप्पांचं म्हणणं होतं. दूध केंद्रावरच्या पोरानं एकदा फॅट एका पॉइंटनं कमी लावली, तर आप्पांनी भरलेली किटली तिथंच केंद्राच्या पायरीवर ओतली आणि त्यानंतर कित्येक वर्षं दूध यवतला नेऊन घातलं. सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय वाचायच्या आधीच "मंजूर, मंजूर" झालं, तर हे उभे राहिले. "वाचला न्हाई तर मंजूर कसला? जेवणाची घाई झालीय का सगळ्यांना?" सभा तासभर लांबली, जेवण गार झालं, लोकांनी आप्पांना शिव्या घातल्या. आप्पा मात्र गार जेवण चवीनं जेवले. गावात कुणाला कुठं भांडायचं असलं आणि स्वतःचं धाडस होत नसलं, की लोक आप्पांना पुढं घालत. आप्पाही खुशाल पुढं होत.

मुलीच्या, ऋतिकाच्या, लग्नात तर त्यांनी कहर केला होता. शिरूरचं स्थळ होतं. मुलगा सत्यजीत, रांजणगावच्या रस्त्याला त्याचं स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. बैठकीत मुलाच्या चुलत्यानं घसा खाकरून "मुलाची काही हौसमौज..." एवढंच म्हटलं. आप्पांनी उठून चपला पायात घातल्या. "हौसमौज बाजारात मिळती. हितं लेक हाय." सत्यजीतच्या वडिलांनी चुलत्याला गप्प केलं, आप्पांना हाताला धरून बसवलं, आणि हुंड्याचा रुपया न देता-घेता लग्न झालं. पुढं दोन वर्षं, ऐकणारा कुणीही असो, आप्पा त्याला ही बैठक चपलांसकट सांगायचे.

आणि मग धोंड्याचा महिना आला.

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. त्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि जावयाला वाण द्यायचं, ही घरोघरची रीत. ऋतिकाचा हा लग्नानंतरचा पहिलाच धोंडा, म्हणून तिची आई सिंधूबाई आधीपासूनच तयारीला लागल्या होत्या. तांब्याचं ताट आणलं, त्यात ठेवायला चांदीचा दिवा आणला, अनारशाचे तांदूळ भिजत घातले. त्याच दुपारी ऋतिकाचा फोन आला. बोलणं झाल्यावर सिंधूबाई बराच वेळ मोबाइल हातात धरून चुलीपुढंच बसून राहिल्या.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"काय न्हाई. यंदा वाणात घड्याळ द्या म्हणती त्यांना. फोटो पाठवलाय."

"दे की मग. यवतच्या दुकानात ढिगानं हायेत."

थोरल्या मुलानं, ईश्वरनं, आईच्या हातातून मोबाइल घेतला, फोटो मोठा करून पाहिला आणि शीळच घातली. "आप्पा, हे यवतला न्हाई मिळायचं. लिमिटेड एडिशन हाय. सगळ्या दुनियेत तीनशेच काढलेत. नव्या ट्रॅक्टरच्या वर किंमत जाती याची."

आप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोठ्यातल्या म्हशी बिचकून उभ्या राहिल्या, इतका त्यांचा आवाज चढला. "ट्रॅक्टरच्या वर? ते घड्याळ काय नांगर वढतंय का? बैठकीत मागायची टाप झाली न्हाई, आन् आता दोन वर्सांनी बायकूच्या तोंडून मागतोय! माझ्याच लेकीला माझ्यापुढं हात पसरायला लावतोय!"

"अवो, ते मागतात असं ती कुठं म्हणली?" सिंधूबाई म्हणाल्या.

"म्हणंल कशी? सासरी नांदायचंय तिला!"

हे बोलून गेले आणि आप्पा स्वतःच घाबरले. राग खरा होता, पण त्याच्या पोटात भीती बसली होती. घड्याळ नाही दिलं तर पोरीला काय काय ऐकावं लागेल? चारचौघांत भांडणारा बाप तिच्या स्वयंपाकघरात थोडाच जाऊन भांडणार होता? आणि दिलं, तर आज घड्याळ, उद्या गाडी. शिवाय बैठकीतल्या त्या चपलांचं काय राहिलं? रात्री जेवण गेलं नाही. झेंडूच्या रानात उगाचच फेऱ्या मारल्या, ठिबकची नळी कुठं गळतेय का ते पाहिलं, आणि नसलेल्या गळतीवरून ईश्वरला झापलं.

दोन दिवसांनी ईश्वरनं त्यांना पुण्याला नेलं. बघून तर या, नाही म्हणायचं तर बघून म्हणा, असं त्याचं मत पडलं. आप्पा नाही म्हणायलाच निघाले होते.

घड्याळांच्या शोरूमच्या दाराशी सुटाबुटातला रखवालदार होता. आत माघातल्या पहाटेसारखा गारठा. काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर करिश्मा असं नाव होतं, आणि ती आप्पांच्या टोपीकडं न बघण्याची फार काळजी घेत होती. कॉफी आली. एवढ्याशा कपातली ती कडू कॉफी आप्पांनी औषधासारखी घेतली. मोबाइलमधलं घड्याळ तिथं काचेत होतं. निळी तबकडी, मागं चामड्याचा पट्टा. आप्पांना ते दिसायला साधंच वाटलं.

"काढा बाहेर. बघू द्या," ते म्हणाले.

"सर, हा पीस फक्त डिस्प्लेला आहे," करिश्मा गोड आवाजात म्हणाली. "लिमिटेड एडिशन आमच्या जुन्या, नेहमीच्या कस्टमर्सनाच ऑफर होते. तुमच्यासाठी मी दुसरी रेंज दाखवू? त्यात खूप रिझनेबल पीसेस आहेत."

"म्हंजी पैसं दिलं तरी न्हाई देणार?"

"तसं नाही सर, पण आधी इथून काही खरेदी झालेली असावी लागते."

झालं. नाही म्हणायला आलेला माणूस, आणि समोरचीच बया त्याला आधी नाही म्हणाली! आप्पांनी कप आपटला. "विकायचं न्हाई तर काचंत कशापायी मांडलंय? आमी माळव्याचा ढीग लावतो, तवा गिऱ्हाइकाला इचारतो का, मागच्या साली वांगी कुणाकडनं घेतली म्हणून? माणसाची टोपी बघून माल देता व्हय?"

दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. आतून मॅनेजर धावत आला. आधी त्यानं आवाज खाली घ्यायला सांगितलं, त्यावर आवाज आणखी वर गेला. मग तो आत जाऊन फोन करून आला आणि म्हणाला, एका साहेबांचं बुकिंग आजच रद्द झालंय, योगायोग आहे. रविवारी संध्याकाळपर्यंत तो पीस तुमच्या नावानं ठेवतो, त्याआधी कळवा. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. भांडण जिंकलं होतं. हडपसर मागं पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की जिंकून पदरात पडलं होतं ते नको असलेलं घड्याळ.

ते तीन दिवस घरात कुणाला सुख लाभलं नाही. आप्पांना एक राग घड्याळ घे म्हणत होता आणि दुसरा घेऊ नको म्हणत होता. सकाळी चहा पिताना शोरूम आठवायची आणि ते म्हणायचे, "घेतोच. त्या बयेच्या नाकावर टिच्चून घेतो." दुपारी जावई आठवायचा आणि ते म्हणायचे, "एक काटा देणार न्हाई." सिंधूबाईंनी शेवटी हात जोडले. "काय करायचं ते करा, पण पोरीचा संसार मोडू नका."

रविवारी सकाळी आप्पा म्हणाले, "गाडी काढ, ईश्वर. शिरूरला जायचं. जावयाच्या डोळ्यांत बघून इचारतो. मागितलं म्हणाला, तर तिथनंच दुकानाला व्हय म्हणतो, घड्याळ त्याच्या तोंडावर मारतो आन् लेकीला घिऊन येतो."

चौफुल्यावरून न्हावऱ्यापर्यंत त्यांच्या मनात सगळं भाषण तयार झालं होतं.

सत्यजीत वर्कशॉपमध्येच होता. सुट्टीचा दिवस असूनही कुठल्याशा गेटचं वेल्डिंग चाललं होतं. सासऱ्यांना पाहून त्यानं हातातलं काम टाकलं, घर शेजारीच होतं तिथं नेलं, खुर्ची पुसून दिली. ऋतिका पाण्याचा तांब्या घेऊन आली. आप्पांनी हातानंच नको म्हटलं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत त्यांनी कधी मोडली नव्हती.

"सत्यजीतराव," आप्पा म्हणाले, "घड्याळ कसलं पाहिजे तुम्हाला?"

"घड्याळ?" सत्यजीत गोंधळला. त्यानं दोन्ही मनगटं पुढं केली. ठिणग्यांचे बारीक डाग सोडले तर त्यांवर काही नव्हतं. "मामा, मी कामात घड्याळ घालतच न्हाई. कुणी म्हणलं?"

"मी," ऋतिका म्हणाली. "मी मागितलं. ह्यांना म्हाईतबी न्हाई."

आप्पांचं तीन दिवसांचं भाषण वाया गेलं. मग ते तिच्यावर घसरले. "तुला लाज न्हाई वाटली? बापानं चपला घालून तुझं लगीन बिनहुंड्याचं केलं, आन् तू ट्रॅक्टरच्या किमतीचं घड्याळ मागती? कशापायी?"

"बघायचं होतं. माझ्यासाठी तुमचा हात किती सैल होतो ते."

"काय कमी केलं तुला?"

तिचा चेहरा लाल झाला. तो लाल रंग आप्पांना ओळखीचा होता. रोज दाढी करताना ते आरशात तोच बघत.

"हायवेकडंचा तुकडा विकला, तवा मला सहीला बोलवलं," ऋतिका म्हणाली. "वकील म्हणला लेकीचाबी हिस्सा असतो, तिची सही लागती, म्हणून बोलवलं. माझ्याशिवाय व्यवहार होत नव्हता, म्हणून! दादा भाड्याची गाडी घिऊन आला, मला दौंडच्या हापिसात नेलं, अंगठा घेतला, फोटो काढला. कशावर सही करते ते कुणी सांगितलं न्हाई. आईनं एक साडी दिली, आन् संध्याकाळच्या आत मला हितं आणून सोडलं. त्या तुकड्यात शेवंती खुडून माझी बोटं काळी व्हायची, आप्पा. दादाला कॉलेज होतं, मला शेवंती होती."

"आगं, पण समद्याच लेकी सही करतात. रीतच हाय ती," आप्पा म्हणाले. आवाज नेहमीच्या निम्म्यानंही लागला नाही.

"रीत!" ती जवळजवळ ओरडली. "सभेत विषय वाचला न्हाई म्हणून तुम्ही जेवणं थांबवली. एका फॅटच्या पॉइंटासाठी दूध वतलं. दुकानातल्या पोरीनं एक शब्द वावगा काढला तर तुम्ही कप आपटला, आईनं सांगितलं मला. सगळ्या दुनियेवर चिडता तुम्ही. माझं नाव काढून टाकलं त्या दिवशी तुम्हाला राग कसा आला न्हाई?"

सत्यजीत उठून बाहेर गेला. आप्पा खुर्चीत बसून राहिले. त्या दिवशी हापिसात ते स्वतः हजर होते. कागद वाचून दाखवा, असं म्हणणारा तिथं एकच माणूस असू शकत होता, आणि तो लवकर उरकावं म्हणून कारकुनाला चहा पाजत होता.

निरोप कसा घेतला ते त्यांना आठवलं नाही. बाहेर गाडीतच थांबलेल्या ईश्वरनं वाटेत आप्पांकडून सगळं ऐकून घेतलं आणि तो हसला. "मग देऊन टाकू की घड्याळ. तेवढ्यावर तोंड बंद होत असंल, तर सस्तात सुटलो."

"गाडी बाजूला घे," आप्पा म्हणाले.

त्यानं घेतली. आप्पा खाली उतरले, दार धाडकन लावलं आणि काचेवर थाप मारून काच खाली करायला लावली. "सस्तात? बहिणीला सस्तात सुटलो म्हणतो? ही गाडी कशातनं आली? तुझ्या बंगल्याचा जिना कशातनं आला? फोन लाव त्या दुकानदाराला, सांग घड्याळ नको. आन् उद्या वकिलाला बोलव. विहिरीजवळचं रान ऋतिकाच्या नावावर करायचंय."

"डोकं फिरलंय का तुमचं? गाव काय म्हणंल?"

"फिरलंय!" आप्पा रस्त्यावरच ओरडले. उसाचा एक ट्रॅक्टरवाला गाडी थांबवून काय झालं म्हणून विचारायला लागला, तर त्यालाही त्यांनी दोन शिव्या हासडल्या. मग ईश्वरशेजारी न बसता मागच्या सीटवर जाऊन बसले.

कागद झाले. ईश्वरनं आठवडाभर बापाशी अबोला धरला, सून सुषमा माहेरी निघून गेली, आणि पारावरच्या लोकांना आप्पांचं वय झालं असं वाटायला लागलं. धोंड्याच्या जेवणाला ऋतिका आणि सत्यजीत आले. सिंधूबाईंनी ताटात अनारसे रचून दिवा लावला, दोघांना ओवाळलं. सत्यजीतनं पोटभर धोंडे खाल्ले. ऋतिकाला रानाचा कागद दाखवला, तर तिनं तो ओसरीत बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मगच घडी घातली.

निघताना आप्पा तिच्याजवळ गेले. असं काही विचारायची त्यांना सवय नव्हती.

"राग गेला का?"

"न्हाई," ऋतिका म्हणाली.

आजवर आप्पांना कुणी राग सोडा म्हटलं, तर त्यांना त्याचाच राग यायचा. मग त्यांनी तिची पिशवी गाडीत ठेवली.

"असू दे," ते म्हणाले. "सोडू नको."