बिनआवाजाचे हात

आमच्या घरामागच्या मैदानावर उन्हाळ्यात साडेआठपर्यंत उजेड असतो. ते मैदान आठवलं की आधी वास येतो, कापलेल्या गवताचा आणि जुन्या चामड्याच्या ग्लव्हचा. मग लांबवर माझा मुलगा दिसतो, चेंडू बोटांत फिरवत उभा. नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे इथला उन्हाळाभर, आम्ही दोघं तिथे जात होतो, पण आता ती सगळी मिळून एकच लांबलचक संध्याकाळ वाटते. तिच्यात कधी वारं आहे, कधी नाही. कडेच्या ओढ्यावर निळ्या पोटाचे पुकेको पक्षी लाल पाय उचलत हिंडतायत आणि मी उलट्या बादलीवर बसून चेंडूची वाट बघतेय.

मी विकेटकीपर होते, हे आधी सांगायला हवं. पुण्यात कॉलेजात असताना तीन वर्षं आमच्या संघाचे स्टंप मी सांभाळले. आमचे सर म्हातारे आणि खडूस होते. सरावाला माझ्या मागे डोळे मिटून उभे राहायचे आणि चेंडू माझ्या हातात आल्याचा आवाज झाला की, काही न बोलता जमिनीवर काठी आपटायचे. त्यांचं म्हणणं एकच, आवाज आला म्हणजे हात कडक. चेंडू येताना हात त्याच्याबरोबर मागे न्यायचे, त्याला अलगद थांबवायचं. तिसऱ्या वर्षी त्यांची काठी आपटायची थांबली. त्यानंतर मला आयुष्यात बऱ्याच गोष्टी मिळाल्या, पण तेवढा माज कशाचाच आला नाही.

लग्नानंतर नवरा इथे, ऑस्ट्रेलियाच्या शेजारच्या या बेटांवर शिकायला आला, मी मागोमाग आले, मुलगा इथेच झाला. त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. घरात एवढी कीपर आई असताना या पठ्ठ्याने शाळेत क्रिकेट सोडून बेसबॉल धरला. मी आठवडाभर तोंड फुगवून होते. पण एकदा मॅच बघायला गेले आणि त्याचा हात खांद्यावरून येताना पाहिला, तेव्हा रुसवा तिथेच संपला. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि तो झेलणाऱ्याला कॅचर. माझ्या डोळ्यांना तो बोलरच दिसला, आणि चांगला बोलर.

अठराव्या वर्षी त्याला अमेरिकेतल्या एका संघाने करार देऊन नेलं. अगदी खालच्या पातळीवरचा संघ, लहान गावं, बसचे प्रवास, पण खेळायचे पैसे मिळायचे. दोन वर्षांनी कोपरातला स्नायुबंध तुटला. डॉक्टरांनी मनगटातला एक काढून कोपरात बसवला. बरं व्हायला वर्षाच्या वर लागलं. परत उभा राहिला आणि घाई केली. तिथे कॅचरच्या ग्लव्हमध्ये चेंडू बसला की बंदुकीसारखा फाट् आवाज होतो, आणि सगळे पिचर त्या आवाजावर जगतात. हा तो आवाज लवकर परत मिळवायला गेला आणि खांदा फाटला. पुन्हा ऑपरेशन. मग संघाने त्याला मोकळं केलं.

तेविसाव्या वर्षी तो एक बॅग घेऊन घरी आला. मी विमानतळावर त्याला बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले ते, किती वाळलायस. खरं तर मला ओरडून रडायचं होतं.

एकच दार उघडं होतं. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रशिक्षकाने त्याला मार्च अखेरीस एकदा बघतो म्हणून सांगितलं होतं. तोवर हात तयार झाला तर ठीक, नाहीतर खेळ संपला. फिजिओने बजावलं होतं की हळूहळू अंतर वाढवायचं, ठरलेले तेवढेच चेंडू टाकायचे आणि वेग मोजायचं मशीन जवळसुद्धा आणायचं नाही. त्याला त्याच्या जुन्या क्लबातल्या पोरांसमोर हळू चेंडू टाकायची लाज वाटत होती. म्हणून एके दिवशी मी काम करते त्या ईस्ट टामाकीच्या फॅक्टरीतून सुटून घरी आले, तर हा शाळेतला कॅचरचा ग्लव्ह आणि जाळीचा मुखवटा घेऊन ओट्याशी उभा. चेंडू झेलशील का, इतकंच त्याने विचारलं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला. नवरा हसायला लागला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा टाकायला वळला.

पहिल्या दिवशी मी पायात जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर, घालून गेले होते, इतकी मी शहाणी. पण चेंडू आला आणि हात आपोआप मागे गेले. बिनआवाजाचे. तीस वर्षांत विसरले नव्हते. घरी येऊन नवऱ्याला किती वेळा सांगितलं असेल देव जाणे.

मग ते दिवस सुरू झाले. मी कामावरून यायची, आम्ही न बोलता मैदानावर जायचो. तो पावलं टाकून अंतर मोजायचा, मी बादली उलटी करायची. तो हात वर न्यायचा, मागे झाडांवर ऊन असायचं, आणि पांढरा चेंडू त्या उन्हातून निघून माझ्याकडे तरंगत यायचा. तरंगत म्हणते, कारण आठवणीत तसाच येतो. प्रत्यक्षात जानेवारीनंतर तो चांगलाच सणसणत यायला लागला होता. चेंडू घेतला की काही ऐकू यायचं नाही, फक्त टिवटिव करणारे पक्षी आणि लांबच्या रस्त्यावरच्या गाड्या. मी चेंडू परत फेकायची, तो झेलायचा, पुन्हा हात वर. कधीकधी मला वाटायचं की आम्ही दोघं पाण्याखाली खेळतोय.

माझा डावा हात मात्र सुजायला लागला होता. पहिलं बोट तर वांग्यासारखं. कीपर हात दाखवत नाही, तेही सरांनीच शिकवलेलं. आणि पोराला कळलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी टाकणं बंद केलं असतं. म्हणून घरी आल्यावर तो आंघोळीला गेला की मी फ्रीजरमधली मटारची पिशवी काढून हातावर धरायची. नवऱ्याला माहीत होतं. त्याने त्या उन्हाळ्यात मटारची उसळ एकदाही मागितली नाही.

मुलगा मात्र गप्प गप्प होत चालला होता. मी समजले, पोटात भीती असेल. मी मनातल्या मनात खूश होते. चेंडू जड यायला लागला होता, मला कळत होतं, आणि तरी मी तो बिनआवाजाचा घेत होते. स्वतःच्याच कौतुकात बुडाले होते, दुसरं काय.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जेवताना त्याने सांगितलं की ऑस्ट्रेलियाला नाही जाणार. ख्राइस्टचर्चला बांधकामाच्या साइटवर काम मिळतंय, सोमवारी कळवतो म्हणून सांगितलंय. हातात काही राहिलं नाही, असं म्हणाला. अगदी शांतपणे, भातावर वरण घेत. नवऱ्याने विचारलं, दुखतंय का. तो म्हणाला, नाही, दुखत असतं तर बरं होतं.

मी ताट तसंच ठेवून उठले. चार महिने मी हात फोडून घेतला आणि हा वरण वाढून घेत मला सांगतोय. त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. रविवारी संध्याकाळी तो स्वतःच ग्लव्ह घेऊन आला आणि म्हणाला, शेवटचं एकदा. मला नाही म्हणायचं होतं, पण पाय निघाले.

त्या संध्याकाळचा उजेडही मला तसाच मऊ आठवतो, पण मी मऊ नव्हते. मी बादलीवर अशी बसले होते की कुणी ढकललं असतं तर सरळ आडवी पडले असते. दात आवळलेले, दंड ताठ. टाक बाबा, टाक आणि जा तुझ्या ख्राइस्टचर्चला, असं मनात चाललं होतं. त्याने हात वर नेला. चेंडू आला. मी हात मागे नेला नाही. रागाने विसरले.

फाट्.

ओढ्यावरचे पुकेको पळाले. मैदानापलीकडून कुत्र्याला घेऊन चाललेला एक माणूस थांबून बघायला लागला. माझ्या हातातून खांद्यापर्यंत कळ गेली. मुलगा तसाच उभा, हात अजून खाली लोंबत होता. मग त्याने हळूच, जणू मोठ्याने बोललं तर ते जाईल अशा आवाजात, आणखी एक मागितला. मी या वेळी मुद्दाम हात कडक ठेवला. फाट्.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार महिने तो या आवाजासाठी कान लावून बसला होता, आणि मी त्याचा प्रत्येक चेंडू गिळत होते.

तो धावत आला. त्याने इंग्रजीत विचारलं की आजच असं कसं झालं. मी मुखवटा काढला. म्हटलं, "आज नाही रे. रोजच असं होत होतं. आवाज मी खात होते."

त्याला कळेना. तो म्हणाला, त्याला वाटत होतं की चेंडू फार हळू येतोय, म्हणूनच आईला तो इतका अलगद घेता येतोय. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. मी ग्लव्ह काढला आणि डावा हात त्याच्यासमोर धरला. सुजलेलं बोट, तळव्यावर जांभळे डाग, काही जुने पिवळे पडलेले. "हळू आलेल्या चेंडूने असा होतो का हात?"

तो माझा हात धरून गवतावर बसला आणि रडला. मीही रडले. तो कुत्रेवाला माणूस सज्जन होता, दुसरीकडे बघत निघून गेला.

फिजिओला हे सांगितलं तेव्हा तो खूप हसला. म्हणाला, तो आवाज रोज ऐकू आला असता तर याने मागच्यासारखी घाई केली असती आणि खांदा पुन्हा गेला असता. नवरा तेव्हापासून हे सगळ्यांना ऐकवतो. मला पटतंही, पण झोप लागण्यापूर्वी जे आठवतं ते वेगळं असतं, भातावर वरण घेणारा तो आणि त्याचा शांत चेहरा.

सोमवारी त्याने ख्राइस्टचर्चला येत नाही म्हणून कळवलं. मार्च अखेरीस ऑस्ट्रेलियाला गेला, त्या प्रशिक्षकाने त्याला ठेवून घेतलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मैदानावर गेलो. मी हात कडक ठेवून चेंडू घेत होते, बोटाला पट्टी बांधून, आणि प्रत्येक आवाजाला तो लहानपणासारखा हसत होता. ठरलेले चेंडू संपले. मी बादली उचलणार, तेवढ्यात तो लांबून म्हणाला, "आई, एक तुझ्या पद्धतीने."

मराठीत म्हणाला.

मी परत बसले. त्याने पूर्ण जोर लावून टाकला, चार महिन्यांतला सगळ्यात वेगाचा. माझे हात त्याच्याबरोबर मागे गेले आणि चेंडू थांबला. काहीच ऐकू आलं नाही. तो तिथे उभा राहून हसत होता.