वहिनीने चाकू मिटेपर्यंत

दक्षिण फ्रान्सातल्या आमच्या ओब्राकच्या पठारावर घराचा मालक कोण, हे कागद बघून कुणी ठरवत नाही. इथे प्रत्येक पुरुष घडीचा चाकू खिशात बाळगतो आणि त्यानेच जेवतो. जेवायला बसायचं आणि बघत राहायचं. ज्याने चाकू मिटल्यावर सगळे उठतात तो मालक. बशीत निम्मं शिल्लक असो, तोंडात घास असो, मालकाचा चाकू खटकन मिटला की जेवण संपलं आणि माणसं कामाला लागली. आमच्या घरात हा आवाज तेवीस वर्षं माझ्या दादाच्या, अन्सेल्मच्या चाकूचा होता.

दादा फेब्रुवारीत गेला. त्याच्या चाकूवर माझी नजर होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. पण फिलोमेन वहिनीने तो दादाच्याच कोटाच्या खिशात ठेवला आणि शवपेटी बंद करायला सांगितली. पुरून आल्यावर आम्ही जेवायला बसलो, तर संपल्यावर कुणी उठेचना. गडी माणसं एकमेकांकडे बघत बसली होती. शेवटी मी माझा चाकू मिटला. सगळे उठले. वहिनी चुलीपाशी हातात पळी घेऊन उभी होती, कारण आमच्याकडे पुरुष जेवत असताना बाया बसत नाहीत. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती ताटल्या गोळा करायला लागली. त्या पाहण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

दादा-वहिनीला मूल नव्हतं. शेत आणि चाळीस गाई कागदावर वहिनीच्या झाल्या. तिचा भाऊ पॅरिसात कॅफे चालवतो. त्याने पत्र पाठवलं, इकडे ये, ग्लास धुवायला माणूस हवंच आहे, वरच्या मजल्यावर खोली देतो. वहिनी आता पॅरिसला जाणार आणि उर्बेन, म्हणजे मी, सगळं सांभाळणार, असं गावाने ठरवून टाकलं. काहीजण मला तोंडावर 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणत. मी हसून घ्यायचो. वहिनीला मात्र कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

मे महिन्यात, गाई उन्हाळी चराईला न्यायच्या आधी, ती मला म्हणाली, "भाऊजी, शनिवारी गाडी जोडा. चाकू घ्यायला जायचंय."

पॅरिसला जायच्या आधी रीतसर नव्या मालकाच्या हातात चाकू द्यावा, असं तिच्या मनात असणार, हे मी लगेच ओळखलं. शनिवारी मी दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला. गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच.

कालिस्त चाकूवाल्याच्या दुकानात मी थेट मोठ्या चाकूंकडे गेलो. काळ्या शिंगाची मूठ, पितळी टोकं, वीतभर लांबी. "हा बघ वहिनी. हातात भरतो."

तिने तो उचलला, पण माझ्या हातात दिला नाही. स्वतःच्या मुठीत धरून पाहिला आणि खाली ठेवला. "खिशातून बाहेर डोकावेल."

"कोटाच्या खिशातून नाही डोकावणार."

"एप्रनच्या खिशातून डोकावेल," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी म्हातारपणी शहाणा झालेला माणूस आहे, आणि तेव्हा चाळिशीतच होतो.

कालिस्तला माझ्या आधी कळलं. त्याने खालच्या खणातून शिंपल्याच्या चमकत्या मुठीचा एक नाजूक चाकू काढला. "बाई, हा खास बायकांसाठी. सफरचंद सोलायला, दोरा कापायला."

"याला टोचा कुठंय?"

"टोचा कशाला हवा तुम्हाला?"

"गाय ओला लसूणघास खाऊन फुगली तर काय सफरचंद सोलत बसू?"

कालिस्तने निमूट दुसरा खण उघडला. फुगलेल्या गाईच्या डाव्या कुशीत टोचा, म्हणजे चाकूच्या मुठीतच मिटणारी जाड सुई, मारून वारा सोडायचा असतो. ते काम आमच्याकडे पुरुषाचं, आणि तेही ज्याचा हात थरथरत नाही त्याचं. मी आजवर दोनदा केलंय. दोन्ही वेळा नंतर मला ओकारी झाली.

आता समोर सात-आठ चाकू होते. बाटलीचं बूच काढायचा पीळ असलेले तिने बाजूला सारले. "बाटल्या उघडणारे पॅरिसला गेले. मी इथेच आहे," असं ती सहज म्हणाली, आणि मी गाडीच्या घोड्याकडे बघायला लागलो. तिने बादलीभर पाणी आणि साबण मागितला. हात ओले केले, साबण लावला आणि एकेक चाकू नखाने उघडून पाहिला. दोन निसटले, ते गेले. राहिलेले बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत तळव्यावर आडवे ठेवून पाहिले. एक लांब होता, तोही गेला. पातं न गंजणारं हवं का, असं कालिस्तने विचारलं.

"त्याला घरच्या दगडावर धार येते?"

"तशी येत नाही पटकन."

"मग साधं द्या. काळं पडलं तर पुसेन."

दोन उरले. दोन्ही शिंगाचे, दोन्हींना टोचा. वहिनीने पहिला कानाशी धरून मिटला, मग दुसरा.

"बाई, चाकू कापायला असतो की ऐकायला?" कालिस्त म्हणाला. "आणि असा आपटून मिटू नका, धार स्प्रिंगवर बसते. बोट लावून हळू मिटायचा."

"एरवी हळूच मिटेन," वहिनी म्हणाली. "पण टेबलाच्या टोकापर्यंत आवाज गेला पाहिजे. हा दुसरा द्या."

परतीच्या वाटेवर आठ किलोमीटर मी घोड्याला उगाच चाबूक दाखवत राहिलो. मला राग आला होता. बाईमाणसाने चाकू मिटला म्हणून कुठे जेवण संपतं? आणि मिटणार तरी कधी, उभ्या उभ्या? मी मनात म्हटलं, बघूच.

दोन महिने चाकू एप्रनच्या खिशात होता आणि दिवसभर बाहेर असायचा. सुतळी कापायला, खुरातला खडा काढायला, कुंपणाच्या खुंट्या तासायला. टेबलावर मात्र ती वाढत राहिली आणि चाकू मीच मिटत राहिलो. पॅरिसहून दुसरं पत्र आलं, कधी येतेस? गवत आत आलं की कळवते, असं तिने उत्तर दिलं. म्हणजे जाणारच, मी सुटकेचा निःश्वास टाकला.

गवत उचलायच्या दिवशी शेजारचे मिळून अकराजण जेवायला होते. वहिनीने सूपचं भांडं टेबलाच्या मध्यावर ठेवलं, पळी माझ्याकडे दिली आणि दादाच्या खुर्चीत बसली. कुणी हललं नाही. तिने पाव छातीशी घेतला, मालक म्हणून दादा काढायचा तसा त्याच्या पाठीवर चाकूच्या टोकाने क्रूस काढला, पहिला काप कापून आमच्या जुन्या गड्याला, बासीलला दिला.

"वाढा भाऊजी, निवतंय," ती मला म्हणाली.

मी वाढलं. अकरा माणसांना वाढलं. माझे कान तापले होते. सूप झालं, बटाटे झाले. तेवढ्यात पश्चिमेला ढग चढलेला मी खिडकीतून पाहिला, आणि मला हवी ती सबब मिळाली. गवत बाहेर होतं. मी चाकू खटकन मिटला आणि उभा राहिलो. शेजारचे तीन-चारजण अर्धवट उठले.

बासील उठला नाही. चाळीस वर्षं या घरात काढलेला माणूस, तोंडातला घास चावत त्याने वहिनीकडे पाहिलं आणि विचारलं, "मालकीण, चीज यायचंय ना अजून?"

"यायचंय," वहिनी म्हणाली. "बसा सगळे. ढग मीही पाहिलाय. आता उठलात तर अंधार पडेपर्यंत पोटात काही जाणार नाही, आणि उपाशी माणूस गवत उचलत नाही, ढकलतो. आधी खालचं कुरण, मग ओढ्याकडचं. वरचं भिजलं तर भिजू दे."

उठलेले बसले. मी एकटा उभा होतो, मिटलेला चाकू हातात घेऊन. मला खूप लाज वाटली. आणि त्या लाजेच्या खाली, खरं सांगतो, पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. खालचं आधी की वरचं, हे मला त्या क्षणी ठरवता आलं नसतं. पाच महिने मी चाकू मिटत होतो. त्यानंतर काय करायचं ते रोज सकाळी वहिनीच गड्यांना सांगत होती.

तिने चीजची थाळी माझ्या जागेकडे सरकवली. "बसा ना भाऊजी. चीजचं तुम्हाला कळतं. कापा."

कापायला चाकू उघडा लागतो. अकरा माणसं बघत होती. मी बसलो, आणि माझा चाकू पुन्हा उघडला.