काकांचं पथ्य

परळच्या हॉस्पिटलात आम्ही डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसलो होतो. काकीनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू इंग्लिश पुस्तकां मराठीत करतंस मां? मग ती डॉक्टरीण काय बोलता ता माका बरोब्बर सांग. काय लपवू नको."

मी मान हलवली. अनुवाद हे माझं पोटापाण्याचं काम. कादंबऱ्या, आरोग्याच्या पुस्तिका, कधी एखादं चरित्र. पण ते सगळं टेबलाशी बसून, शब्दकोश उघडा ठेवून, आज जमलं नाही तर उद्या बघू असं म्हणत करायचं. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून अनुवाद करायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. लालबागच्या चाळीत राहायचे. गिरणीत होते, ती बंद पडल्यावर त्याच भागात उभ्या राहिलेल्या एका ऑफिसात वॉचमन झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून आजारपणात धावपळ माझ्याकडे आली. वडिलांना कारकुनाची नोकरी लागली तेव्हा आम्ही दादरला गेलो आणि आमच्या घरातली मालवणी हळूहळू आटली. वडील घरातही ऑफिससारखं बोलायला लागले. मला मालवणी सगळी कळते, बोलताना मात्र अडखळते. त्या भाषेत मला जेवायला हाका मारल्या गेल्या, पाय धुऊन घरात ये म्हणून दटावलं गेलं. गंभीर असं मी तिच्यात कधी काही बोललेच नव्हते.

डॉक्टर केरळची होती, तरुण. तिची हिंदी दोन वाक्यांनंतर संपायची, म्हणून माझ्याशी ती इंग्लिशमध्ये बोलायची. त्या दिवशी तिनं काकांना बाहेर बाकावर थांबवलं आणि आम्हा दोघींना आत बोलावलं. पोटातला कॅन्सर पसरला आहे, आता औषधांचा उपयोग होणार नाही, हे तिनं शांतपणे सांगितलं. शेवटी म्हणाली, "वी विल कीप हिम कम्फर्टेबल."

काकी माझ्याकडे बघत होती.

'कम्फर्टेबल'ला माझ्या तोंडी पहिला शब्द आला तो आराम. त्यांना आराम पडेल असं बघू. वाक्य जिभेच्या टोकाशी आलं आणि मी थांबले. आराम पडणं म्हणजे आपल्याकडे बरं होणं. ताप उतरला की आराम पडला म्हणतात. तसं सांगितलं असतं तर काकी उठून देवापुढे साखर ठेवायला निघाली असती. सुखात ठेवू, हे एखाद्या सुनेनं म्हणायचं वाक्य. वेदनाशमन हा माझ्या पुस्तिकांमधला शब्द, तो घेऊन लालबागला जाता येत नाही.

शेवटी मी मोडक्या मालवणीत म्हटलं, "काकी, आता आजार जावचो नाय. तेंका दुखू नये इतक्याच बघतले."

"हां," काकी म्हणाली. चेहऱ्यावर काही हललं नाही. तिला कळलं की नाही, मला कळेना. मी पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "आणि खाऊक काय देऊचा, ता विचार."

काकांना साखरेचा आणि रक्तदाबाचाही त्रास होता. काकी कितीतरी वर्षं त्यांचं पथ्य सांभाळत आली होती. भात मोजून, मीठ हात आखडून, लग्नातल्या पंगतीत शेजारी बसून त्यांच्या पानातली जिलेबी स्वतःच्या पानात घ्यायची. मला हा प्रश्न सोपा वाटला. डॉक्टरला विचारलं. ती जरा हसून म्हणाली, जे आवडतं ते खाऊ द्या.

मी न थांबता सांगून टाकलं, "आवडात ता देवा म्हणता."

काकीनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे पथ्य नाय?"

"नाय."

"मिठाचा पण नाय?"

"कसलाच नाय."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "माका समाजलां."

ज्या वाक्यासाठी मी इतके शब्द चाचपले त्यानं जे पोहोचलं नव्हतं, ते या वाक्यानं पोहोचलं. डॉक्टर पथ्य उठवतात ते कधी, हे आपल्याकडे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. मलाही ते ठाऊक होतं. फक्त इंग्लिशमधून येताना ते वाक्य इतकं साधं, दयाळू दिसत होतं की त्यात काय भरलंय ते मी पाहिलंच नाही.

"तेंका गावाक न्हेव काय?" काकीनं विचारलं.

मी ते जसंच्या तसं इंग्लिशमध्ये सांगितलं. डॉक्टरचा चेहरा बदलला. तिथे सोयी आहेत का, दुखणं वाढलं तर कोण बघणार, इथलं सोडून गावठी उपचार करायचे आहेत का, असं ती विचारू लागली. माझ्या लक्षात आलं की शब्द पोहोचले, प्रश्न मागेच राहिला. मी म्हटलं, "ती उपचारांचं विचारत नाही. हातात किती वेळ आहे ते विचारतेय. आमच्याकडे ते असं विचारतात."

डॉक्टर माझ्याकडे न बघता थेट काकीकडे बघून हिंदीत म्हणाली, "घर में रखो, माँजी. गाँव बहुत दूर है."

याचा अनुवाद कुणी मागितला नाही.

बाहेर काका बाकावर पाय हलवत बसले होते. आम्हाला बघून म्हणाले, "काय म्हणली ती?"

मी तोंड उघडायच्या आत काकी म्हणाली, "घराक जावक सांगल्यान. आणि तुमचा पथ्य संपलां."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे आता बांगडो गावतलो?"

"गावतलो."

"मीठ घालून?"

"मीठ घालून."

टॅक्सीत ते खिडकीपाशी बसले आणि चिवड्याच्या दुकानांचा वास आला तेव्हा काच खाली करायला सांगितली. त्यांना किती समजलं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. काकीला कळलं असावं. मी तिला विचारलं नाही.

पुढचे काही महिने मी दर दोन-तीन दिवसांनी लालबागला जायचे. डॉक्टर फोनवर बोलायची, मी स्पीकर लावून मध्ये बसायचे. ती विचारायची, दुखणं एक ते दहामध्ये किती? काका वैतागायचे. "दुखण्याक काय मार्क देऊचे? काल ठणको होतो, आज कळ येता."

पहिल्यांदा मी याचं इंग्लिश करताना चाचरले. ठणका म्हणजे आत कुणीतरी ठोकत राहावं तसं दुखणं. कळ येते आणि पिळवटून जाते. कधी ते भगभग म्हणायचे, म्हणजे आग. मी प्रत्येकाचं वर्णनच करून सांगितलं. डॉक्टर म्हणाली, हे आकड्यापेक्षा बरं आहे, मला यावरून औषध ठरवता येतं. काही दिवसांनी तीच विचारू लागली, "काका, आज ठणका की कळ?" तिच्या तोंडून तो 'ठ' इतका मऊ यायचा की काकांना हसू फुटायचं. हसलं की दुखायचं, पण ते हसायचे.

काकीनं रोज काही ना काही केलं. बांगड्याचं तिखलं, कुळथाची पिठी, नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या. काका दोन घास खायचे, कधी नुसतं बोट लावून चाखायचे. "मीठ बरोबर पडलां," म्हणायचे.

एका दुपारी, पेज प्यायल्यावर, ते झोपेतच गेले. चाळीतली माणसं आली, सगळं रीतसर झालं. संध्याकाळी मी डॉक्टरला फोन केला. इंग्लिशमध्ये सांगायचं ठरवलं होतं. "काका गेले," एवढंच तोंडातून आलं. तिनं अर्थ विचारला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर काकीनं माझ्या हाती एक डबा दिला. गावाहून आलेली कोकमाची सोलं होती, काळीभोर, अजून मऊ. "ह्या त्या डॉक्टरणीक दी. काय बोला नको, नुसता दी." आभार हा शब्द आमच्यात भाषणात वापरतात. घरच्या माणसाला कुणी आभारी आहे म्हटलं तर काहीतरी बिनसलंय असंच वाटेल.

मी डबा नेऊन दिला. डॉक्टरनं झाकण उघडून वास घेतला, आणि तिच्या भाषेतला एक शब्द म्हणाली. त्यांच्याकडेही मासळीत असलंच काहीतरी आंबट घालतात म्हणे. "काकींना काय म्हणू?" तिनं विचारलं.

"काही नको. खाल्लं म्हणून कळवा."

मी ते सहज बोलले होते. तिनं खरंच त्या रविवारी काकीला फोन लावला. मी तिथेच होते, आणि काकीनं सवयीनं स्पीकर लावून फोन माझ्या हाती दिला. पलीकडून जपून जुळवलेलं वाक्य आलं, "काकी, मी सोलं खाल्ला."

"खाल्लंस?" काकी ओरडली. "नुसती? अगो, ती खातत नाय, कढयेत घालतत!"

पलीकडे घोटाळा झाला. डॉक्टर इंग्लिशमध्ये मला काहीतरी विचारू लागली. मी उत्तर देणार होते, पण काकीनं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि तोंडाशी धरून, एकेक शब्द सुटा करत, सोलकढी कशी करायची ते मालवणीतच सांगायला लागली. आधी नारळ. मग लसूण, जराशी. पलीकडून दर वाक्यानंतर "हां काकी" ऐकू येत होतं.

मी उठून चहाचं आधण ठेवलं.