दोन्ही बाजूंची चूक

ती घटना आजही आठवते, असं आम्ही निवृत्त अधिकारी मोठ्या ऐटीत सांगतो. ही घटना मात्र विसरावी म्हणून मी बरेच प्रयत्न केले आणि मला ते जमलं नाही.

तेव्हा मी नाशिकजवळच्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सगळा द्राक्षांचा पट्टा. थंडीच्या दिवसांत एका सकाळी हजेरी चालू असतानाच रस्त्याकडेला प्रेत पडल्याची खबर आली. पस्तिशीचा मजूर होता, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून बागेच्या कामाला आलेला. अंगावर खरचटल्याच्या खुणा होत्या. अज्ञात वाहनाने उडवलं असावं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला. त्याच्या कमरेला एक लोखंडी दांडा खोचलेला होता. तो जप्त करताना एक पंच म्हणाला, चोरीच्या बेताने फिरत असणार. त्या हंगामात मोटारींच्या केबल चोरीला जात होत्या. मी त्या पंचाला गप्प केलं नाही. दुपारपर्यंत पंचक्रोशीत झालं, की केबलचोर गाडीखाली मेला.

दोन दिवसांनी वीज कंपनीचा एक लाइनमन माझ्याकडे दुसरंच काम काढून आला. अर्धा कप चहा पिऊन झाल्यावर हळूच म्हणाला, माझं नाव कुठे येऊ देऊ नका, पण प्रेत सापडलं त्याच्या आदल्या संध्याकाळी अमक्या बागेवरचा फ्यूज उडाला होता. तो बसवायला गेलो तर तारेच्या कुंपणात थेट लाइन जोडलेली दिसली. मी तसाच शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना भेटायला गेलो. त्यांनीही उजव्या तळहातावर विजेच्या धक्क्याची जळकी खूण नोंदवली होती.

बाग एका बड्या माणसाची होती. हॉटेलं, बांधकाम, बागायत, सगळंच त्याचं. नाशिकच्या कुठल्याही समारंभात पहिल्या रांगेत दिसणारा. त्याने स्वतः ठाण्यात येऊन आम्हाला सहकार्याचं आश्वासन दिलं आणि जाता जाता हळहळून सांगितलं, की ही माणसं चोऱ्या करतात, काय करणार.

मी बागेच्या रखवालदाराला बोलावलं. सटाण्याकडचा, पन्नाशी उलटलेला माणूस. दोन तास त्याचं एकच पालुपद, मला काही माहीत नाही. माझा अनुभव असा, की माणूस गुन्ह्याबद्दल बिनदिक्कत खोटं बोलतो, पण स्वतःच्या कामाबद्दल खोटं बोलताना अडखळतो. म्हणून मी मेलेल्या माणसाचा विषयच सोडला आणि त्याला पाण्याबद्दल विचारलं. त्या आदल्या दिवशी कुठल्या प्लॉटला पाणी दिलं, किती वाजता, कुणी. गडी खुलला. मोटर कधी चालू केली, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडला, बोटांवर मोजून सांगायला लागला. शेवटच्या प्लॉटचा व्हॉल्व्ह कुणी बंद केला, असं विचारलं आणि तो थांबला.

"त्यानी काही चूक नव्हती, साहेब," तो म्हणाला. "तो व्हॉल्व्ह बंद कराले वना व्हता. मालकनी सांगं तसं मी करं."

व्हॉल्व्ह बंद करायला आला होता म्हणतो, म्हणून मी मुद्देमालातला दांडा काढून त्याच्यापुढे ठेवला. ती जमिनीखालचा व्हॉल्व्ह फिरवायची चावी निघाली. मजूर काम आटोपून आपल्या झोपडीवर गेला होता. व्हॉल्व्ह उघडाच राहिला, बागेत पाणी तुंबेल, हे आठवलं म्हणून दिवेलागणीला तो पायपीट करत परत आला. कुणी बोलावलं नव्हतं. फाटकापर्यंत वळसा न घालता तो कुंपणाची तार वर करून आत शिरायला गेला. केबलचोरांसाठी म्हणून कुंपणात त्याच दिवशी पहिल्यांदा करंट सोडला होता आणि मजुरांना ते कुणी सांगितलं नव्हतं. मालकाच्या हुकमावरून प्रेत उचलून रस्त्याला टाकलं गेलं. मालकाचं नुकसान होऊ नये म्हणून धावलेला माणूस मालकाच्याच तारेला चिकटला आणि वर चोर ठरला.

गुन्हा उघड झाला. निष्काळजीपणाने मृत्यू आणि पुरावा नाहीसा करणं, अशी कलमं लागली. दोषारोपपत्र गेलं आणि मालकाच्या वकिलाने कोर्टात प्ली बार्गेनिंगचा अर्ज टाकला. आरोपीने गुन्हा कबूल करायचा, पीडितांना भरपाई द्यायची आणि कोर्टाने शिक्षा कमी करायची, अशी ही तडजोड कायद्यातच आहे. त्यासाठी बैठक होते. सरकारी वकील, आरोपी, त्याचा वकील, मयताचे वारस आणि तपास अधिकारी म्हणून मी.

मयताची बायको कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसली होती. भरपाईचा आकडा सांगितला तेव्हा तिने मान वरही केली नाही. तुझं काय म्हणणं आहे, असं मी विचारलं तेव्हा बोलली.

"पैसं द्या नायतर नका देऊ. त्यानं आमच्या पाड्यावर यायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, माझा मानूस चोर नव्हता म्हणून."

त्यांच्याकडे भांडण मिटवायची रीतच तशी आहे. ज्याची चूक, त्याने सगळ्या पाड्यासमोर उभं राहून ती आपल्या तोंडाने सांगायची. मग कुणी तो विषय परत काढत नाही. तिला ते हवं होतं त्याला कारणही होतं. दर हंगामात मजुरांच्या टोळ्या बागांवर नेणारा मुकादम तिला म्हणाला होता, चोराची बायको टोळीत घेतली तर बागायतदार मला दारात उभं करणार नाही.

मालकाचा वकील म्हणाला, आमचे साहेब जातील, पण कागदावर नको, प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. सरकारी वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. जे कागदावर नाही ते घडलंच नाही, हे मी नव्या हवालदारांना शिकवत आलेला माणूस. पण तेव्हा त्र्यंबकेश्वरचा श्रावणातला बंदोबस्त तोंडावर होता, ठाण्यात प्रलंबित प्रकरणांचा ढीग होता आणि हे एक निकाली निघत होतं. मी तिला म्हणालो, "तो येईल. मी शब्द देतो." तिने लगेच अंगठा दिला. तिच्या पाड्यावर चारचौघांत दिलेला शब्द कुणी मोडत नाही, म्हणून लिहून मागायचं तिच्या मनातही आलं नसावं.

मालक दोषी ठरला. दंड, भरपाई आणि चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र. तुरुंगात एक दिवसही जावं लागलं नाही. शहरात ओरड झाली. पैसेवाला सुटला, पोलीस विकले गेले, असे मेसेज फिरले. मी एक पैसा खाल्ला नव्हता, त्यामुळे मला ते फार झोंबलं. मी पत्रकारांना ठाण्यात बोलावलं आणि त्या तडजोडीची बाजू जोरात मांडली. ही पळवाट नसून कायदा आहे, म्हणालो. त्याने गुन्हा कबूल केलाय. खटला वर्षानुवर्षं चालला असता, साक्षीदार फुटले असते, बाईच्या हाती काहीच आलं नसतं. हे सगळं खरं होतं आणि आजही माझं मत तेच आहे. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

एका तरुण बातमीदाराने विचारलं, म्हणजे माणूस मारा आणि पैसे भरून मोकळे व्हा, असंच ना? माझा पारा चढला. मी म्हणालो, "अंधार पडताना न सांगता कुंपणाला हात लावायचं त्याला कारण काय होतं? चूक थोडी दोन्ही बाजूंची होती."

कारण काय होतं, ते माझ्या मुद्देमालाच्या खोलीत लेबल लावून ठेवलेलं होतं. पण वाद जिंकायचा होता. दुसऱ्या दिवशी तोच मथळा झाला. मालकाने ते कात्रण फ्रेम करून हॉटेलच्या ऑफिसात लावल्याचं कानावर आलं. पाड्यावर तो गेला नाही. मी वकिलाला दोनदा फोन केला, पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात, असं ऐकलं. मग माझी बदली झाली. खटला न चालल्यामुळे तो माणूस परत का आला होता, हे कोर्टात कुणी बोललंच नाही. आदेशात लिहिल्याप्रमाणे चावीचीही भंगारात विल्हेवाट लागली.

निवृत्तीनंतर एका सकाळी नाशिकच्या पेठ नाक्यावर भाजी घेत होतो. तिथे रोजंदारीचे मजूर कामाची वाट पाहत उभे असतात. त्यातल्या एका बाईने मला ओळखलं. मी तिला ओळखलं नाही, हे लिहायला लाज वाटते. ती जवळ आली, नमस्कार केला. मला वाटलं, आता शिव्या घालेल. तिने शांतपणे विचारलं,

"साहेब, त्यो कवा येनार?"

इतकी वर्षं ती माझ्या शब्दावर थांबली होती. बागेच्या टोळीत तिला अजून कुणी घेत नव्हतं, म्हणून ती नाक्यावर उभी राहून सिमेंटची घमेली उचलायला जात होती. पाड्यावर सगळे कधी भेटतात, एवढंच मी तिला विचारून घेतलं.

पुढच्या रविवारी मी पाड्यावर गेलो. पाच-पन्नास माणसं जमली. मी उभा राहिलो आणि व्हॉल्व्हपासून मथळ्यापर्यंत सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. एका म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुमची तुम्ही सांगितली, बरं केलं. त्याची त्यानं सांगायची राहिली. तिने मात्र वेगळंच मागितलं. "आमचं बोलनं मुकादम ऐकत नाय. पेपर वाचतो. तुमी पेपरात लिवलं होतं, आता हे पन पेपरात लिवा."

या केसने मला काय शिकवलं, तर तडजोड कायद्याने होते, पण मेलेल्या माणसाची बाजू मांडायला त्या टेबलाशी कुणी नसतं. तिथे ती मीच मांडायला हवी होती. मी मांडली ती दुसऱ्याची.

आठवणी लिहिताना कुणाचं नाव घ्यायचं नाही, हा माझा नियम आहे. मालकाचं नाव गाळलं, वकिलाचं गाळलं. एक नाव गाळणार नाही, कारण हे तेवढ्यासाठीच लिहिलं. त्याचं नाव देवराम होतं. तो व्हॉल्व्ह बंद करायला आला होता.